थंडीची बेगमी : घरातला आणि कामाच्या जागेवरचा कोळशाचा साठा

खाणीतून कोळसा बाराही महिने निघतो. घर ऊबदार ठेवायला तो लागतो चार-पाच महिने. मधल्या काळात तो कुठेतरी राहायलाच हवा: खाणीच्या तोंडाशी, बंदरावर, व्यापाऱ्याच्या वखारीत, नाहीतर जाळणाऱ्याच्या घरी. युरोप-अमेरिकेच्या थंड प्रदेशांत सुमारे दोनशे वर्षे यातला मोठा वाटा जाळणाऱ्याच्याच घरी राहिला. आपल्याकडे सुगीनंतर धान्याची बेगमी होते, तशी तिकडे उन्हाळ्यात कोळशाची होऊ लागली.

खाणी, खाणकामगार, धूर आणि हवामानबदल यांवर विपुल लिहिले गेले आहे. साठवणीचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा तळटीपेत राहतो. हा विषय वाचताना माझे मत असे बनले की ऊब कोणाला मिळणार आणि ती किती पैशांत मिळणार, हे पुष्कळदा साठवणीवरच ठरत आले. सरकारांचे निर्णय जिथे फसले, तिथेही हाच भाग विचारातून सुटलेला दिसतो.

आधी आकारमान पाहू. एक टन दगडी कोळसा सैल ओतला तर साधारण सव्वा घनमीटर जागा व्यापतो. कडाक्याच्या थंडीत एका कुटुंबाला हिवाळाभर तीन-चार टन लागतात. म्हणजे दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि कमरेच्या वर येणारी रास. शाळेच्या, इस्पितळाच्या किंवा कचेरीच्या बॉयलरसाठी ही रास कित्येक पटींनी मोठी. चांगल्या प्रतीच्या किलोभर कोळशात सात-आठ युनिट विजेइतकी उष्णता असते. त्या हिशेबाने चार टनांच्या राशीत तीस हजार युनिटांच्या आसपास उष्णता पडून असते. उघड्या चुलाण्यात तिच्यातली बरीचशी धुरांड्यातून निघून जाते हे खरे. तरीही एवढी ऊर्जा महिनोन्महिने, कुठल्याही यंत्राविना, घरात ठेवता येणे हीच कोळशाची मोठी ताकद होती, आणि अजूनही आहे.

या व्यवस्थेचा सर्वांत जुना आणि तपशीलवार दाखला लंडनचा. न्यूकॅसलकडच्या खाणींतला कोळसा समुद्रमार्गे लंडनला येई. त्याच्या धुराबद्दलची कुरकुर इतकी जुनी आहे की १३०६ च्या सुमारास पहिल्या एडवर्ड राजाने त्याच्या वापरावर बंदी घातली होती. ती टिकली नाही. लाकूड महागत गेले आणि सतराव्या शतकात लंडन पुरते कोळशावर आले. इंग्लंडच्या यादवी युद्धात, १६४३-४४ मध्ये, न्यूकॅसलहून येणारा पुरवठा तुटला तेव्हा या अवलंबनाची किंमत शहराला कळली. १६६६ च्या आगीनंतर सेंट पॉल कॅथेड्रल आणि शहरातली चर्चे पुन्हा उभारली गेली, तीही बव्हंशी लंडनमध्ये येणाऱ्या कोळशावर कर बसवून.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत लंडनमध्ये एकाला एक लागून घरांच्या रांगा बांधल्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर कोळशाची जागाही ठरून गेली. रस्ता आणि घर यांच्यामधल्या फुटपाथच्या पोटात विटांच्या कमानींचे तळघर असे. वर फुटपाथमध्ये एक गोल भोक आणि त्यावर बिडाचे झाकण. झाकणाचा व्यास साधारण फूटभर, किंवा त्याहून थोडा जास्त. चोराला आत शिरता येऊ नये म्हणून तो एवढाच. पावसात कोणाचा पाय घसरू नये म्हणून झाकणावर उठावाची नक्षी ओतलेली, आणि ते बाहेरून उचलता येऊ नये म्हणून आतून साखळी. कोळसेवाला पाठीवर पोते घेऊन येई, झाकण काढून पोते त्या भोकात रिते करी आणि पुढच्या घराकडे वळे. घरातल्या गालिच्यावर कोळशाचा कणही पडत नसे. ब्लूम्सबरीसारख्या भागांत ही झाकणे आजही पायाखाली दिसतात.

एक पोते म्हणजे एक हंड्रेडवेट, जवळजवळ एक्कावन्न किलो. एका टनाला अशी वीस पोती. हा वजनाचा हिशेब जमायलाही काळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत लंडनमध्ये कोळसा मापाने विकला जाई आणि मापात फसवणुकीला भरपूर वाव होता. मोठे ढेकूळ फोडले की तोच कोळसा जास्त माप भरतो, म्हणून वाटेत ढेकळे फोडली जात. १८३१ च्या कायद्याने विक्री वजनावर आली. ग्राहकाचे नुकसान मात्र पुरते थांबले नाही, कारण पाणी मारलेला कोळसा वजनात जास्त भरतो. साठ्यात पाणी मुरलेले असणे विकणाऱ्याच्या सोयीचे आणि घेणाऱ्याच्या तोट्याचे, हे तेव्हाही खरे होते आणि आजच्या वखारीतही आहे.

ही सगळी सोय तळघर असणाऱ्यांसाठी होती. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाने कोळसा कुठे ठेवायचा? हेन्री मेह्यू यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या कष्टकऱ्यांची जी तपशीलवार पाहणी केली, तीत रस्त्यावर फिरून थोडाथोडा कोळसा विकणाऱ्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे. गरीब माणूस काही पौंड वजनाच्या हिशेबाने, हातातल्या पैशांपुरता कोळसा घेई. त्याला तो श्रीमंतापेक्षा महाग पडे, कारण श्रीमंत माणूस उन्हाळ्यात भाव उतरल्यावर टनांनी घेऊन ठेवी. म्हणजे ज्याच्याकडे जागा आणि आगाऊ पैसा, त्याला ऊब स्वस्त. ज्याच्याकडे दोन्ही नाही, त्याला महाग, आणि तीही ऐन कडाक्यात. विसाव्या शतकात नगरपालिकांनी कामगारांसाठी घरे बांधली, तेव्हा वरच्या वर्गात एक टोमणा रूढ झाला: या लोकांना न्हाणीघर दिले तर ते टबात कोळसा ठेवतील. हा टोमणा क्रूर होता. ज्या वस्तीला पिढ्यान्‌पिढ्या साठवणीसाठी कोपरासुद्धा मिळाला नव्हता, तिच्यावर तो मारला जात होता. पुढे या घरांना मागच्या दाराशी कोळशाची वेगळी कोठी देण्याची रीत पडली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर परसात ठेवायच्या तयार काँक्रीटच्या कोठ्या सर्रास दिसू लागल्या.

खाणकामगारांची गोष्ट थोडी वेगळी होती. ब्रिटनमध्ये आणि पोलंडमध्येही त्यांना पगाराचा भाग म्हणून कोळसा मिळे आणि तो दाराशी आणून ओतला जाई. रस्त्यावरची ती रास आत नेण्याचे काम घरातल्या बायका-मुलांचे. साठवणीच्या कष्टाची मोजदाद कुठल्याही हिशेबात नाही, पण तो कष्ट प्रचंड होता. तळघरातून दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या प्रत्येक चुलाण्यापर्यंत कोळशाच्या बादल्या रोज वर जात आणि राखेच्या खाली येत. श्रीमंत घरांत हे मोलकरणी करत, गरीब घरांत आई.

अमेरिकेत हा प्रश्न घराच्या पोटात, बेसमेंटमध्ये सोडवला गेला. भिंतीत जमिनीलगत लोखंडी दार, त्यातून आत उतरणारी घसरण, खाली फळ्यांनी आखलेली कोठी आणि तिच्या शेजारी घर गरम करणारी भट्टी. पूर्व किनाऱ्यावर पेनसिल्व्हेनियाचा अँथ्रसाइट वापरात होता. हा अतिशय कठीण, चकचकीत, धूर जवळजवळ न करणारा कोळसा. तो चाळून आकारांप्रमाणे विकला जाई आणि आकारांना रोजच्या वस्तूंची नावे होती: अंडे, चेस्टनट, वाटाणा, बकव्हीट, तांदूळ. भट्टीची जाळी ज्या आकाराची, तोच कोळसा कोठीत भरावा लागे. तांदूळ आणि बकव्हीट हे बारीक आकार पुढे आपोआप कोळसा सरकवणाऱ्या यंत्रांत चालू लागले. मग कोठीतून भट्टीपर्यंत फावड्याने कोळसा नेण्याचे काम कमी झाले. १९४० च्या जनगणनेत अमेरिकेतली निम्म्याहून जास्त घरे कोळशावर गरम होत असल्याची नोंद झाली. पुढच्या तीन दशकांत तेल आणि नैसर्गिक वायूने ती कोठी रिकामी केली.

साठा घरोघरी विखुरलेला असला तरी तो मुळात अपुरा असेल तर काय होते, हे अमेरिकेने दोनदा पाहिले. १९०२ मध्ये अँथ्रसाइटच्या खाणींत मे ते ऑक्टोबर संप चालला. हिवाळा तोंडावर आला, शहरांतल्या कोठ्या रिकाम्या होत्या, आणि शेवटी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना स्वतः मध्ये पडावे लागले. पहिल्या महायुद्धात रेल्वे तुंबली, कोळसा गाड्यांत अडकला आणि जानेवारी १९१८ मध्ये हॅरी गारफिल्ड यांच्या इंधन प्रशासनाने मिसिसिपी नदीच्या पूर्वेचे कारखाने काही दिवस बंद ठेवले. त्यानंतर काही सोमवार कोळशाविना काढण्याचा हुकूम निघाला. घरमालकांनी कोळसा उन्हाळ्यातच मागवावा, ही सरकारची विनवणी त्याच काळातली. रेल्वेवरचा हिवाळ्यातला ताण घरोघरीच्या कोठ्यांवर वाटून टाकण्याचा तो प्रयत्न होता, आणि मला तो शहाणपणाचा वाटतो.

आता या विषयाच्या सर्वांत गंभीर भागाकडे येतो. कोळसा पडून राहिला तरी निष्क्रिय नसतो. खाणीतून बाहेर पडून हवेला लागल्या क्षणापासून तो प्राणवायू शोषू लागतो आणि त्या क्रियेत थोडी थोडी उष्णता निघते. ती वाहून गेली तर काही होत नाही. अडकली तर आतले तापमान चढते. तापमान दर दहा अंशांनी वाढले की ही क्रिया सुमारे दुपटीने जलद होते. साधारण साठ-सत्तर अंश सेल्सियसपर्यंत सगळे संथ चालते. त्यापुढे वेग हाताबाहेर जातो आणि बाहेरून ठिणगी न लागता रास आतून पेटते.

कोणता कोळसा किती धोक्याचा, यातही मोठा फरक आहे. अँथ्रसाइट जवळजवळ निर्धोक. बिट्युमिनस, म्हणजे नेहमीचा दगडी कोळसा, मध्यम. कमी पक्व झालेले उप-बिट्युमिनस आणि लिग्नाइट सर्वांत तापट. चुरा जितका बारीक, तितका हवेला लागणारा पृष्ठभाग जास्त. कोळशात लोह आणि गंधकाचे पायराइट असेल तर तेही ओल मिळताच ऑक्सिडीकृत होऊन उष्णता सोडते. आणि कोरड्या कोळशाने ओल शोषली की त्या शोषण्यातूनच उष्णता निघते. म्हणून उन्हात वाळलेल्या राशीवर अर्धवट पाऊस पडणे धोक्याचे. ‘भिजलाय, आता कशाचा पेटतोय’ हा समज घातक आहे.

घरातली दोन-तीन टनांची रास क्वचितच पेटते, शेकडो टनांचा ढीग मात्र वारंवार पेटतो, यालाही कारण आहे. उष्णता राशीच्या सगळ्या आकारमानात तयार होते आणि बाहेर पडते ती फक्त पृष्ठभागातून. रास जशी मोठी होते तसा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने तोकडा पडतो. त्यामुळे प्रत्येक कोळशाला एक घातक आकार असतो. त्याखाली तो थंड राहतो, त्यावर तापतो. ज्या शाळा-कारखान्यांनी घरगुती अनुभवावर विसंबून मोठे साठे केले, ते इथेच फसले.

हे ज्ञान जहाजांनी फार किंमत मोजून मिळवले. ब्रिटनहून दूरच्या देशांना कोळसा नेणाऱ्या जहाजांवर इतक्या आगी लागल्या की १८७० च्या दशकात ब्रिटिश सरकारने त्यासाठी शाही आयोग नेमला. प्रवास जितका लांबचा आणि माल जितका मोठा, तितकी आगीची भीती जास्त, हे त्यातून स्पष्ट झाले. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्यांसाठी विलायती कोळसा याच लांबच्या वाटेने येत होता. १९१२ मध्ये टायटॅनिक निघाली तेव्हा तिच्या एका कोठीत आग धुमसतच होती आणि ती विझवायला काही दिवस लागले. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी हवानाच्या बंदरात अमेरिकेची युद्धनौका ‘मेन’ फुटली आणि अडीचशेहून जास्त खलाशी मेले. स्पेनशी युद्ध पेटायला हे एक मोठे निमित्त ठरले. १९७६ मध्ये अ‍ॅडमिरल हायमन रिकओव्हर यांच्या अभ्यासाने निष्कर्ष काढला की स्फोट बाहेरच्या सुरुंगाने झालेला नाही. दारूगोळ्याच्या कोठाराला लागून असलेल्या कोळशाच्या कोठीतली आग हे त्याचे संभाव्य कारण आहे. त्यावर वाद आहेत. पण दारूगोळ्याशेजारी कोळसा रचण्याची रीत त्या काळच्या नौकाबांधणीत होती, हे निर्विवाद.

जमिनीवरच्या साठ्यांचा शास्त्रीय अभ्यास विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत इलिनॉय विद्यापीठात एस. डब्ल्यू. पार आणि एच. एच. स्टोक यांनी नेटाने केला. तिथून आणि नंतरच्या अनुभवातून जे नियम घडले ते आजही बदललेले नाहीत, आणि बॉयलर चालवणाऱ्या प्रत्येक माणसाला ते पाठ हवेत. कोळसा एकाच ठिकाणी उंचावरून ओतू नये. तसे केले की मोठी ढेकळे घरंगळत कडेला जातात आणि चुरा मध्ये साठतो. ढेकळांच्या फटींतून हवा आत शिरते आणि जिथे फटी संपून चुरा सुरू होतो तिथे आग जन्म घेते. मोठा ढीग पातळ थरांनी रचून दाबत जावा, म्हणजे हवा आत जाणारच नाही. किंवा तो इतका उथळ ठेवावा की उष्णता टिकणारच नाही. मधली, अर्धवट हवेशीर अवस्था सर्वांत वाईट. वाफेच्या नळ्या, धुरांड्याची भिंत आणि बॉयलरचे अंग यांच्यापासून साठा दूर हवा. राशीत लाकडी खांब, चिंध्या, पालापाचोळा नको. जुना कोळसा आधी वापरावा. कोपऱ्यात वर्षानुवर्षे दबून राहिलेला थर हा नेहमीचा गुन्हेगार. राशीतून वाफ दिसू लागली किंवा रॉकेलसारखा वास आला तर तो भाग उकरून, पसरून, निववून लगेच जाळून टाकावा. वरून पाणी मारल्याने बहुतेक वेळा काम भागत नाही. पाणी आपली वाट काढून खाली जाते आणि आतला निखारा तसाच राहतो.

हवा तोडण्याचा विचार शेवटाला नेणाऱ्या काही अमेरिकी कारखान्यांनी तर कोळसा पाण्याखाली बुडवून ठेवण्याची तळी बांधली. कोळसा सुरक्षित राहिला, पण जाळताना त्यातले पाणी उडवायला उष्णता खर्च होऊ लागली. ही पद्धत पसरली नाही.

आगीपेक्षाही गुपचूप मारणारा धोका म्हणजे बंद कोठीतली हवा. कोळसा प्राणवायू शोषतो, म्हणजे जिथे तो बंद असतो तिथला प्राणवायू कमी होत जातो. तापू लागला की कार्बन मोनॉक्साइड सोडतो. न पेटलेल्या कोळशाच्या बंद कोठीत उतरलेला माणूसही त्यामुळे बेशुद्ध पडू शकतो, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. आज युरोपात ‘स्वच्छ’ म्हणून वापरात असलेल्या लाकडी गोळ्यांच्या कोठारांतही कार्बन मोनॉक्साइडने माणसे दगावली आहेत. कामाच्या जागी कोठीत उतरण्यापूर्वी हवा मोजणे आणि बाहेर एक माणूस उभा ठेवणे हा नियम कोणत्याही बचतीसाठी मोडू नये.

बाकीच्या अडचणी थोडक्यात सांगतो. साठ्यातून झिरपणाऱ्या पाण्यात गंधकाचे आम्ल उतरते आणि ते पोलादी कोठ्या खाते. बिट्युमिनस कोळशाची उष्णता साठवणीत दरवर्षी थोडीशी घटते; लिग्नाइट तर वाळला की फुटून भुगा होतो. धूळ बसावी म्हणून व्यापारी तेल किंवा कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण फवारून कोळसा विकत.

कोळशाचा साठा सत्तेचाही विषय झाला. १९४७ च्या जानेवारीत ब्रिटनने खाणींचे राष्ट्रीयीकरण केले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भयंकर हिवाळा आला. देशातला साठा आधीच कमी होता. जो होता तो खाणींपाशी गोठला आणि रेल्वे बर्फात अडकली. कारखान्यांची वीज तोडावी लागली. त्याउलट बर्लिनचे उदाहरण. १९४८ मध्ये सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे बंद केल्या, तेव्हा विमानांनी जवळजवळ तेवीस लाख टन माल शहरात उतरवला आणि त्यातला सुमारे दोन तृतीयांश निव्वळ कोळसा होता. पोत्यांतली धूळ विमानाच्या तारांत आणि यंत्रांत शिरे, म्हणून पोती ओली करून पाहिली गेली. वेढा उठल्यावर शहराने धडा गिरवला: अन्न, औषधे आणि कोळसा यांचा कित्येक महिने पुरणारा साठा १९९० पर्यंत सांभाळला. कोळशाचा हा बहुधा सर्वांत खर्चिक साठा असेल, पण त्या शहराच्या रहिवाशांना तो निर्धास्तपणा देणारा होता.

मग धुराचा हिशेब पुढे आला. डिसेंबर १९५२ च्या लंडनमधल्या पाच दिवसांच्या धुरक्याने तत्काळ चार हजारांच्या आसपास बळी घेतले. नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्याने शहरांत धूररहित इंधनाचे पट्टे आखले. डब्लिनने सप्टेंबर १९९० मध्ये धूर करणाऱ्या कोळशाची विक्री आणि वितरण थांबवले आणि हवेतला काळा धूर सुमारे सत्तर टक्क्यांनी घटला. बंदी जाळण्यावर नव्हती, विक्रीवर होती, याचे महत्त्व मला फार वाटते. घरोघरीच्या कोठ्यांत शिरून तपासणी करण्यापेक्षा वखारीचे दार बंद करणे सोपेही होते आणि न्यायाचेही.

इंग्लंडने नंतर तोच मार्ग धरला. पिशवीबंद पारंपरिक कोळशाची विक्री १ मे २०२१ पासून थांबली, तर सुटा कोळसा घरपोच देणाऱ्या व्यापाऱ्यांना १ मे २०२३ पर्यंत मुदत मिळाली. याच नियमांत लाकडाबद्दल एक तरतूद आहे: दोन घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकायचे असेल तर त्यात वीस टक्क्यांपेक्षा जास्त ओल चालत नाही. त्याहून मोठ्या खरेदीला ही अट नाही. ते कसे वाळवावे याची माहिती दिली की पुरे. याचा अर्थ, मोठी खरेदी करणाऱ्याकडे लाकूड वाळवायला जागा असते, हे कायद्याने गृहीत धरले आहे. साठवणीची दखल घेणारा इतका स्पष्ट नियम मी दुसरा पाहिलेला नाही.

आजचा प्रश्न मात्र लंडनचा राहिलेला नाही. पोलंडमधली लाखो घरे अजून कोळशावर गरम होतात. तिथे पंचवीस किलोच्या पिशव्यांत मिळणारा वाटाण्याएवढा कोळसा आपोआप चालणाऱ्या बॉयलरमध्ये जातो. क्राकूव शहराने सप्टेंबर २०१९ पासून कोळसा आणि लाकूड जाळण्यावर बंदी घातली आणि आधीची काही वर्षे बॉयलर बदलायला अनुदान दिले. तो क्रम योग्य होता. पण २०२२ मध्ये रशियन कोळशावर बंदी आली तेव्हा देशाच्या इतर भागांतल्या कोठ्या रिकाम्या निघाल्या. ऑगस्टच्या उन्हात बोगदान्का खाणीबाहेर लोक गाड्या घेऊन दिवसेंदिवस रांगेत उभे राहिले. सरकारने कोळशावर अवलंबून असलेल्या प्रत्येक घराला तीन हजार झ्लॉटी दिले, नंतर नगरपालिकांमार्फत टनाला दोन हजार झ्लॉटींपर्यंतच्या भावाने घरटी तीन टन देऊ केले. त्यातला निम्मा वर्षअखेरीपूर्वी, निम्मा नंतर. शतकापूर्वी अमेरिकेने केलेली आधी खरेदीची विनवणी पोलंडने वेळेत केली असती तर ती रांग लागली नसती.

उलानबातरची स्थिती याहून कठीण. हिवाळ्यात तापमान उणे तीस अंशांखाली जाते. शहरातली निम्म्याहून जास्त वस्ती तंबू-घरांच्या मोहल्ल्यांत, जिथे केंद्रीय उष्णतेचे नळ पोहोचलेले नाहीत. बरे दिवस असणारे कुटुंब ट्रकभर कोळसा अंगणात टाकून घेई. गरीब कुटुंब रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून पोत्यागणिक घेई आणि जास्त पैसे मोजी. मेह्यू यांच्या लंडनमध्ये होते तेच गणित. मे २०१९ मध्ये शहराने कच्चा कोळसा बंद करून प्रक्रिया केलेल्या विटा आणल्या. हवेतला धूर घटला. पण नव्या इंधनाची जुन्या शेगड्यांशी आणि लोकांच्या सवयींशी घडी बसली नव्हती. त्याच शरद ऋतूत घराघरांत कार्बन मोनॉक्साइडने माणसे बाधली आणि काही मेली. इंधन बदलले, धुरांडी, शेगड्या आणि प्रशिक्षण मागे राहिले.

उत्तर चीनमध्ये २०१७ साली याहून मोठ्या प्रमाणावर तीच घाई झाली. बीजिंग-त्यानजिनभोवतीच्या शहरांत आणि खेड्यांत कोळशाच्या शेगड्या काढून वायूवर चालणारे हीटर बसवले गेले. घराच्या भिंतीशी रचलेल्या मधाच्या पोळ्यासारख्या भोकांच्या कोळशाच्या विटा गेल्या. वायूचा पुरवठा आणि हिवाळ्यासाठी लागणारे त्याचे साठे मात्र पुरेसे नव्हते. हबे प्रांतातल्या छुयांग तालुक्यात डिसेंबरमध्ये वर्ग गारठले, म्हणून शाळकरी मुलांना उन्हात बसवून शिकवावे लागले. सरकारला काही ठिकाणी कोळसा पुन्हा चालू द्यावा लागला.

महाराष्ट्रात घर गरम करण्याची गरज क्वचितच पडते. आपला अनुभव बंबाचा आणि शेगडीचा, आणि तोही बहुतेक लोणारी कोळशाचा. त्या कोळशालाही साठवणीचा नियम आहे: भट्टीतून नुकताच काढलेला लोणारी कोळसा काही दिवस उघड्या हवेत निवू दिल्याशिवाय पोत्यांत दाबून भरू नये, तो आतून पेटतो. दगडी कोळशाचा आपला खरा प्रदेश म्हणजे वर्धा खोरे: चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, वणी. इथला कोळसा ओल धरणारा आणि कमी पक्व असल्याने साठ्यात लवकर तापतो, आणि खाणी-वखारींतून धुमसणारे ढीग तिथल्या लोकांना नवे नाहीत. या पट्ट्यातल्या गरीब वस्त्यांत दगडी कोळसा अजून शेगडीत जळतो. तो घराच्या कडेला, कुडाला लागून पोत्यात ठेवलेला असतो. स्वयंपाकाचा सिलिंडर परवडला तरी डिसेंबर-जानेवारीच्या रात्री शेकोटीसाठी हाच कोळसा हाताशी असतो.

तिथे काम करणाऱ्या संस्थांना आणि नगरपालिकांना माझे दोन आग्रह आहेत. पहिला, कोळशाच्या जागी काही द्यायचे असेल तर ते कडाका सुरू होण्यापूर्वी, आणि पोत्यागणिक विकत घेणाऱ्या कुटुंबाला एकरकमी पैसे भरावे लागणार नाहीत अशा बेताने द्या. दुसरा आग्रह वाचकांनाही आहे. दगडी असो की लोणारी, पेटती शेगडी बंद खोलीत घेऊन झोपू नका आणि झोपू देऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि धूर दिसेनासा झाल्यावरच्या लालबुंद निखाऱ्यांतूनही तो निघत राहतो.